हंगरगे बाईंची दुरुस्ती

हंगरगे बाईंना मी एकदा पुरुष केलं होतं.

अर्थात कागदावर. प्रत्यक्षात बाईंना काही करणं कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. त्या गेल्यावर औशाच्या शाळेत शोकसभा झाली, तेव्हा सूत्रसंचालकानं मला "बाईंवर कथा लिहिणारे लेखक" म्हणून बोलायला उभं केलं. मी चार मिनिटं बोललो. ज्ञानदान म्हणालो, ऋण म्हणालो, पोकळी म्हणालो आणि रुमाल काढून खाली बसलो. रुमाल कोरडाच होता. बाई समोर असत्या तर "साकु!" म्हणून मधेच थांबवलं असतं. त्यांचं माहेर निलंग्याच्या बाजूचं, घरात अर्धं बोलणं कानडी. 'साकु' म्हणजे पुरे. वर्गात गोंगाट झाला, मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं, ताटात तिसरी पोळी आली की बाईंचा हा एकच शब्द यायचा आणि समोरचं जे काही असेल ते थांबायचं.

सभेत मी जे बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, ते इथं लिहितो.

मी त्या शाळेत मराठीचा शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि शिक्षक म्हणजे काय ते मला पूर्ण माहीत होतं. कारण मी पुस्तकं वाचली होती. पुस्तकातला मास्तर कृश असतो. त्याचा कोट जुना असतो, आवाज हळू असतो, त्याला खोकला असतो आणि वर्गात शिरल्यावर मुलं त्याच्याकडे भारावून बघतात. खोकला सोडून बाकीची सगळी तयारी करून मी औशाला आलो. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. कोट उन्हाळ्यामुळं जमला नाही.

पहिल्याच दिवशी नववीच्या वर्गात जाऊन मी हळू आवाजात म्हणालो, "मी तुमचा शिक्षक नाही. मी तुमचा मित्र आहे."

मागच्या बाकावरून एकजण उठला. "मग सर, भाईर जाऊ का?"

शेजारच्या वर्गात बाई गणित शिकवत होत्या. मधली भिंत पातळ. मला बाईंचं हसू ऐकू आलं आणि मग त्यांच्या अख्ख्या वर्गाचं.

बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. अंगानं भरदार, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, गळ्यात इष्टलिंगाची पेटी, पायात पोरांसारखे स्पोर्ट्सचे बूट. साडीवर ते बूट कसे दिसतात याची त्यांना फिकीर नव्हती. "दिवसभर उभं मी राहते, साडी न्हाई," असं म्हणायच्या. स्कूटी इतकी जोरात चालवायच्या की शाळेच्या वळणावरचा पानवाला त्यांचा आवाज आला की आधीच आपलं स्टूल आत ओढायचा. मधल्या सुट्टीत धपाटे, दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन त्या टेबलावर डोकं टेकवून बरोबर सात मिनिटं झोपत. घड्याळ लावावं लागत नसे. आठव्या मिनिटाला डोकं वर, आणि आदल्या संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूनं काय केलं ते स्टाफरूमला सांगायला सुरुवात. फळ्यावर वर्तुळ काढताना त्यांनी कधी कंपास वापरला नाही. हात फिरायचा आणि वर्तुळ पूर्ण व्हायचं. माझ्या मते कुठल्याही चांगल्या पुस्तकातल्या शिक्षकानं एवढं खाऊ नये, एवढं झोपू नये आणि मालिका तर बघूच नयेत. म्हणून सुरुवातीला मी बाईंना शिक्षकांत धरतच नव्हतो.

पुस्तकातले गुरुजी मुलांना झाडाखाली नेतात. मीही नेलं. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. पंचेचाळीस मुलं गोलात बसवली आणि डोळे मिटून कविता म्हणायला लागलो. तिसऱ्या कडव्याला डोळे उघडले तर एकोणचाळीस मुलं होती. उरलेल्यांतली बरीचशी मुंग्या झटकत होती. सहाजण कुंपणावरून किल्ल्याकडं गेले होते.

मी मुख्याध्यापकांकडं जाऊन काय सांगावं याचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाई स्कूटी घेऊन निघाल्या. वीस मिनिटांनी परत आल्या. पुढं सहा मुलं पळत होती आणि मागून बाई हॉर्न वाजवत होत्या. मुलं वर्गात शिरली. बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "कविता झाली का पुरी?"

"नाही," मी म्हणालो.

"मग म्हणा की. भिंतीच्या आत म्हणा. मी पण ऐकते पलीकडनं."

मुख्याध्यापकांना त्यांनी ते कधी सांगितलं नाही. शाळेत त्या मला 'अहो सर' म्हणत, शाळेबाहेर पडलं की 'अरे सूर्यवंशी'. त्या दिवसापासून माझं त्यांच्या डब्यातल्या ठेच्याशी नातं जुळलं.

दुसऱ्या वर्षी शिक्षकदिनाला मी नाटक लिहिलं. त्यात एक गुरुजी होते. उसवलेला कोट, खोकला, घरात अंधार, पत्नी दाराशी चहाचा कप घेऊन उभी. शेवटी गुरुजी खडू हातात घेऊन फळ्यापाशीच कोसळतात. दहावीच्या पोरानं खोकला इतका मनापासून केला की पुढच्या रांगेतल्या पालकांनी त्याला पाणी दिलं. लोक रडले. मी पडद्याआडून मोजत होतो कोण कोण रडतंय. बाई रडत नव्हत्या. कपाळाला आठ्या घालून त्या काहीतरी हिशेब लावत असल्यासारख्या बसल्या होत्या.

नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी मला पकडलं. "अहो सर, ह्या मास्तरला पगार मिळत न्हाई का?"

"मिळतो. पण ते…"

"मग कोट का शिवत न्हाई? आणि एवढा खोकला हाय तर दवाखान्यात का जात न्हाई? लातूर कितीसं लांब हाय? दर अर्ध्या तासाला गाडी हाय."

"बाई, ते प्रतीक आहे."

"आसंल. पण सगळ्या गोष्टींत मास्तर मरतोच का? मी एवढी वर्षं शिकवायले, आमच्या स्टाफमध्ये फळ्यापाशी कुणी मेलं न्हाई. मेले ते रिटायर होऊन, शुगरनं." मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "आणि मला एक सांगा. तुमच्या गोष्टींत बाई कुठं असतात?"

मी जरा विचार केला. "असतात ना. पत्नी."

"चहाचा कप घेऊन."

"हो."

"ह्या शाळेत अकरा बाया शिकवायल्या," बाई म्हणाल्या, "आणि चहा शिपाई आणतो." एवढं बोलून त्या तासाला गेल्या. मी ते हसण्यावारी नेलं. त्यातून काही शिकलो असतो तर पुढचं घडलं नसतं.

बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी मला गेटपाशी थांबवलं. "सूर्यवंशी, इस्लापूरला येतोस का माझ्यासोबत?"

इस्लापूर म्हणजे नांदेडच्याही पलीकडं, किनवट तालुक्यात. मी विचारलं, "तिथला धबधबा बघायला?"

"न्हाई. एका पोरीची माफी मागायची हाय. एकटीनं जायला लाज वाटायली."

नांदेडपर्यंतच्या बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी नववीत वंदना नावाची मुलगी होती. वडील औसा आगारात एसटीचे चालक, गाव इस्लापूर. बोलायची कमी. एका चाचणीत समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं गणित होतं. वंदनानं सूत्र लिहिलं नाही, पायऱ्या लिहिल्या नाहीत. आकृतीला तीन रेघा आणि खाली उत्तर. उत्तर बरोबर. बाईंना वाटलं, शेजारणीचं बघून लिहिलं. त्यांनी तिला वर्गापुढं उभं केलं, "चोरून बरोबर येण्यापेक्षा चुकलेलं बरं," असं म्हणाल्या आणि पेपर दोन तुकडे करून फाडला. वंदना तुकड्यांकडं न बघता जागेवर जाऊन बसली.

"तुकडे ड्रॉवरमध्ये ठेवले होते, हेडसरांना दाखवायला," बाई म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांनी काढले. जोडून बघितले तर काय, त्या तीन रेघा म्हंजे तसलाच दुसरा चौकोन, उलटा करून शेजारी ठेवलेला. दोन्ही मिळून समांतरभुज चौकोन होता, त्याचं काढायचं क्षेत्रफळ आणि अर्धं करायचं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. मी तर न्हाईच. तिचं तिनं काढलं होतं."

"मग तुम्ही तिला सांगितलं?"

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. लोहा मागं पडलं होतं. "तीन आठवडे ती माझ्यासमोर बसत होती, दुसऱ्या बाकावर. रोज जाताना ठरवायची, आज सांगते. पन्नास पोरांसमोर फाडला होता, तर पन्नास पोरांसमोरच सांगायला पायजे ना. जीभच वळली न्हाई बघ. मग तिच्या बापाची बदली झाली. मला काय वाटलं असंल सांग."

"वाईट."

"सुटले आसं वाटलं," बाई म्हणाल्या. "त्याचीच लाज जास्त हाय."

रात्री नांदेडला त्यांच्या बहिणीकडं मुक्काम केला. सकाळी भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. एका आगारवाल्यानं पत्ता दिला होता. वंदनाचं लग्न गावातच झालेलं, आणि नवरा-बायकोची पिठाची गिरणी होती. आम्ही गेलो तेव्हा गिरणी चालू होती. पुढं पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या. वंदना पट्ट्याशेजारी, केसांपासून पायांपर्यंत पांढरी.

मी लेखक म्हणून एका बाजूला उभा राहिलो. आता काय होणार ते मला माहीत होतं. ती बाईंना ओळखेल, हातातलं सूप खाली पडेल, गिरणी थांबेल आणि शांततेत हुंदका ऐकू येईल.

तिनं बाईंना ओळखलं. पण गिरणी थांबवली नाही.

"वंदना, माझं चुकलं होतं," बाई म्हणाल्या.

"काय?" वंदनानं कानाला हात लावला.

"तुझं गणित बरोबर होतं! माझं चुकलं!" बाई ओरडल्या. डबेवाल्या बायका वळून बघायला लागल्या.

वंदनानं गिरणीच्या तोंडाशी साचलेलं पीठ हातानं खाली सारलं. "हाव," ती म्हणाली, "बरोबर होतं ते. मला माहीत होतं."

"मी तुझी माफी मागायला आले."

वंदना चिडली नाही, विरघळलीही नाही. पुढच्या बाईचा डबा तिनं काट्यावर ठेवला. "बाई, तुम्ही आता सांगून राहिल्या. इथं. इथं कोणाला काय माहीत हाय त्याचं? तवा सांगायचं होतं, वर्गात." मग डब्यात वाकून बघत म्हणाली, "मी त्याच्यानंतर गणितात जीवच लावला नाही. पास झाले, बस." आणि थोड्या वेळानं, "चहा घेता का? सांगते."

आम्ही चहा घेतला. बाई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. जाताना वंदनानं नमस्कार केला नाही. हात पिठाचे आहेत म्हणून नुसती मान हलवली आणि पुढचा डबा उचलला.

परतीच्या बसमध्ये मी फार नाराज होतो. एवढ्या लांबून आपण आलो आणि धड हुंदका नाही. मी म्हणालोसुद्धा, "बाई, मला वाटलं ती रडेल."

भोकर आलं तसं बाईंनी पदरावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "तिनं बरोबर सांगितलं."

सोमवारी पहिल्या तासाला भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. त्या दहावीला समलंब चौकोन शिकवत होत्या. दहावीला तो नव्हताच. उलटा चौकोन शेजारी ठेवायची रीत त्यांनी समजावली आणि म्हणाल्या, "ही रीत पुस्तकात न्हाई. ही वंदना नावाच्या पोरीनं ह्याच शाळेत काढली. मी तिला चोर म्हणलं होतं आणि तिचा पेपर सगळ्यांसमोर फाडला होता. रीत बरोबर होती, मी चूक होते. लिहून घ्या." कुणीतरी विचारलं, "चूक पण लिहायची का बाई?" बाई म्हणाल्या, "आधी ती लिहा." मग नववी, मग आठवी. त्या वर्षात त्यांनी शाळेतल्या प्रत्येक वर्गात हे सांगितलं. काही पालकांना ते आवडलं नाही, मुख्याध्यापकांना तर नाहीच. "शाळेची इज्जत," असं काहीतरी ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "साकु."

आणि मी काय केलं? कथा लिहिली.

तीत एक गुरुजी होते. कृश. कोट उसवलेला. त्यांची एक गुणी विद्यार्थिनी गरिबीमुळं शाळा सोडून गावी गेलेली. गुरुजी खोकत खोकत तिच्या दूरच्या गावी जातात. मुलगी त्यांना बघून धावत येते, त्यांच्या पायांवर कोसळते आणि आसवांनी त्यांचे पाय धुते. परतीच्या बसमध्ये गुरुजी खिडकीला डोकं टेकतात ते उठतच नाहीत. नाव 'उसवलेला कोट'. लिहिताना मी स्वतः दोनदा रडलो. आपलं लिखाण वाचून आपणच रडणं हे प्रतिभेचं लक्षण आहे असा तेव्हा माझा समज होता.

नांदेडला एका छोट्या साहित्य मंडळानं कथावाचन ठेवलं. मी बाईंना निमंत्रण दिलं. त्या ठेवणीतली इरकल नेसून, बहिणीला घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी वाचलं. गुरुजी मेले तेव्हा सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला शाल मिळाली. बाईंनी कथेची झेरॉक्स मागून घेतली, तेव्हा मला वाटलं, जपून ठेवायला.

मंगळवारी ती झेरॉक्स माझ्या टेबलावर होती. लाल पेननं तपासलेली. पहिल्या पानावर 'पायरी गाळली'. दुसऱ्यावर 'हे कुठून आले?' तिसऱ्यावर, मुलगी पायांवर कोसळते तिथं, आडवी काट. शेवटी, गुण द्यायच्या जागी, 'उत्तर आधी ठरवून गणित सोडवले आहे.'

मधल्या सुट्टीत बाई समोर येऊन बसल्या. डबा उघडला नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या. शाळेत त्यांनी मला अरेतुरे केलं ते तेवढंच. "मला पुरुष केलंस, चालंल. खोकला दिलास, तो पण घेते. मारलंस, हरकत न्हाई, कवातरी मरायचंच हाय. पण माझी चूक कुठं गेली?"

मी म्हणालो, "बाई, कथेतला शिक्षक जरा आदर्श असला की वाचकांना…"

"चूक काढून टाकलीस तर तो मास्तर तिथं गेला कशाला? धबधबा बघायला?"

स्टाफरूममधले बाकीचे वह्या तपासत असल्याचं सोंग करत होते.

"ते पण सोड. ते माझं हाय, मी बघून घेईन." बाईंचा आवाज खाली आला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पण वंदनाला तू पाया पडायला लावलंस. ती पडली न्हाई. गिरणी पण थांबवली न्हाई तिनं. मी तिचा पेपर फाडला, तेव्हा तिच्याकडं काय राहिलं होतं? एवढंच, की माझ्यापुढं वाकायचं न्हाई. ते तू का घेतलंस तिचं?"

मी काहीतरी पुटपुटलो. कल्पनास्वातंत्र्य, बहुतेक. बाई उठल्या आणि तासाला गेल्या. डबा न खाता तासाला गेलेल्या बाई मी पहिल्यांदा बघितल्या. त्या दिवशी सात मिनिटांची झोपही झाली नाही.

अबोला वगैरे धरणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठेचा नेहमीसारखा पुढं आला. कथेचा विषय मात्र त्यांनी परत काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. बाई निवृत्त झाल्या, लातूरला मुलीच्या घराजवळ राहायला गेल्या. निरोप समारंभात मी बोलायचं टाळलं. घसा बसलाय, असं सांगितलं. पुस्तकातला खोकला शेवटी माझ्याच कामाला आला.

कथा परत लिहायला मला तीन वर्षं लागली. अडचण कसली होती ते सांगतो. बाईंना बाई ठेवलं की त्या कथेत मावत नव्हत्या. स्कूटी आली, ठेचा आला, मालिकेतली सासू आली. माझ्या हातात आदर्श शिक्षकाचं एकच माप होतं आणि ते कृश होतं. वंदनाच्या गिरणीपाशी तर मी महिनाभर अडलो. तिला रडवल्याशिवाय शेवट कसा करायचा तेच मला येत नव्हतं. शेवटी ती जे बोलली तेवढंच लिहिलं आणि गिरणी चालू ठेवली. बाईंची चूक पहिल्या पानावर घेतली. मग माझीही.

ते कागद घेऊन मी एका रविवारी सकाळी लातूरला गेलो. मुलीनं सांगितलं, "आई ग्राउंडवर गेली. गाडी शिकायली."

मैदान जवळच होतं. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी मोटार, वर लाल रंगात 'शिकाऊ'. चाकामागं बाई, बाजूला पंचविशीतला एक शिकवणारा, घामाघूम. "मावशी, क्लच! क्लच म्हणलं की ब्रेक का दाबायल्या तुम्ही?" तो ओरडत होता. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. "चुकलं," त्या म्हणाल्या. "परत सांगा."

मला बघून त्यांनी खिडकीतून हात केला. "सूर्यवंशी! कधी आलास? काय आणलंस?"

"कथा," मी म्हणालो. "ती परत लिहिली."

बाईंनी माझ्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वंदना हाय का तीत?"

"आहे. गिरणी चालू आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "दुपारी जेवायला ये. वाचू. आता थांब, ह्या सरांचा तास चाललाय."

पण दुपारी मला परतीची गाडी गाठायची होती. घरी पाहुणे होते, की तसंच काहीतरी. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. तो रविवार मी लांबवत नेला, आणि पावसाळ्यात बाई गेल्या. शुगरनं.

कथा घेऊन गेलो त्या सकाळी मात्र मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघत होतो. मोटार दोन आचके देऊन निघाली, फाटकातून रस्त्यावर गेली आणि चौकाच्या मधोमध बंद पडली. मागं रिक्षा, टेम्पो, दोन दुचाकी, सगळे हॉर्न वाजवायला लागले. शिकवणारा पोरगा कपाळ धरून बसला. खिडकीतून बाईंचा भरदार हात बाहेर आला आणि त्यांनी सगळ्यांना शांतपणे बाजूनं जायची खूण केली. लोक बाजूनं गेले. मग इंजिन सुरू झालं, गाडी हळूच हलली आणि वळून दिसेनाशी झाली.